पालथा बेंच

माझ्या सासऱ्यांशी उभ्यानं बोललेला माणूस नागपूरच्या अख्ख्या पाचपावलीत सापडला नसता. कोणीही येवो, पत्र्याची पेटी बनवून घ्यायला आलेला असो की गणपतीची वर्गणी मागायला, मामाजी मान वर करत नसत. हातातली कातरी थांबत नसे. फक्त एक शब्द कानावर येई, "बसा." आलेला माणूस इकडेतिकडे बघे. खुर्ची दिसत नसे, स्टूल दिसत नसे. मग बिचारा पत्र्याच्या कातरणातून पँट सांभाळत उकिडवा बसे. त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर आलं की मामाजी विचारत, "हं, बोला आता." यावरून मोहल्ल्यानं त्यांचं नाव बसा मिस्त्री ठेवलं होतं. त्यांचं खरं नाव कोणाला आठवत नसे, त्यामुळे त्यांचं टपाल दोन-चार घरं हिंडून मग आमच्याकडे यायचं.

या बसवण्यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. ते म्हणत, "उभा माणूस खोटं बोलते. त्याले जायाची घाई असते ना. बसला का खरं बोलते." मला हे आधी थापेबाजी वाटे, पण एकदा एका मुलीचे वडील आले. लग्नात द्यायला मोठ्यात मोठी पेटी पाहिजे, मोहल्ल्यात कोणी दिली नसेल एवढी, असं त्यांनी दारातूनच सांगितलं. मामाजींनी बसवलं. बसल्यावर पत्र्याकडे पाहत ते हळूच म्हणाले की एवढ्या पेटीत भरायला घरात काही नाही. मामाजींनी त्यांना अरुंद पण उंच पेटी करून दिली, आत खालच्या अंगाला पत्र्याचा एक खोटा तळ टाकून. झाकणावर मोठा गुलाब काढला. चार लुगडी ठेवली तरी पेटी काठोकाठ भरलेली दिसे. त्या वडिलांनी खोट्या तळाबद्दल विचारलंच नाही, आणि मामाजींनी सांगितलंही नाही.

आमचं दुकान म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला टिनाची शेड. लग्नसराईत पेट्या, सुगीनंतर धान्याच्या कोठ्या, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी नागपूरला नवं वेड लागलं ते कूलरचं. चारी बाजूंनी पत्रा, आत पंखा, जाळीत वाळ्याचे पडदे. ज्याच्या घरी कूलर त्याच्या घरी उन्हाळ्यात पाहुणे. हे सगळं मामाजी जमिनीवर बसून बनवत. पत्रा जमिनीवर, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात छन्नी, आणि पत्रा दाबून धरायला उजव्या पायाचा अंगठा. तो अंगठा म्हणजे त्यांचा तिसरा हातच होता. पत्रा जरा हलला की अंगठा आपोआप सरकायचा, मामाजींना तिकडे बघावंही लागत नसे. नख कायमचं काळं पडलेलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. लग्नाच्या वऱ्हाडात इतर पुरुष मनगटावरचं घड्याळ दाखवत मिरवतात तसे मामाजी चपलेतून अंगठा पुढे काढून बसत.

मी लग्न होऊन आले तेव्हा वर्ध्याच्या एका मास्तराची मुलगी होते. बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हते. पण आमच्याकडे सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. डोक्यावर पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, आणि काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगायचं. तिसरा नसेल तर काय करायचं, हे रीत सांगत नव्हती. म्हणून मी कशालाही सांगत असे. दाराच्या चौकटीला सांगितलं, "चहा झाला." घागरीला सांगितलं, "पाणी तापलं." एकदा तर शेजाऱ्यांच्या कोंबड्याला सांगितलं की दुकानात गिऱ्हाईक आलंय. मामाजीही तितकेच पक्के. ते त्याच कोंबड्याला म्हणाले, "सांग, येतो म्हणा." सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या आतून हसत, पण रीत मोडा असं काही म्हणत नसत.

मुलगी झाली तेव्हा सगळ्यांची सोय झाली. बेबी बोलायला लागायच्या आधीपासून आमच्या घरचं पोस्ट ऑफिस होती. तिला कडेवर घेऊन मी दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहायची आणि म्हणायची, "बेबी, आजोबाले सांग, जेवण वाढलं." मामाजी तिच्याकडे बघून म्हणायचे, "बेबी, तुह्या मायले सांग, तुम्ही व्हा पुढं. मी हे कड मोडून येतो." बेबी दोघांकडे बघून लाळ गाळायची. निरोप मात्र बरोबर पोचायचा.

"तुम्ही व्हा पुढं" हे वाक्य त्या सुमारास फार वाढलं होतं. पूर्वी हाक मारली की मामाजी झटकन उठून यायचे. आता ते कायम सगळ्यांच्या मागून यायचे. गिऱ्हाईक निघालं तरी मामाजी बसलेलेच. शेजारी गप्पा मारून उठला तरी ते बसलेलेच. आणि आले की पायऱ्या चढताना गुडघ्यांचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. आमच्या ह्यांनी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, रमेशनं, शेवटी त्यांना सायकलरिक्षात घालून धंतोलीच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, आजपासून खाली बसणं बंद. नाहीतर वर्षा-दोन वर्षांत काठी येईल आणि काठीनंतर खाट.

घरी आल्यावर मामाजी म्हणाले की तब्येत खणखणीत आहे. ह्यांनी खरं काय ते सांगितलं. मामाजींनी ते उडवून लावलं. "तो डाक्टर सारा वेळ खुर्चीवर बसून व्हता. खुर्चीवर बसणाऱ्याले गुडघ्यातलं काय समजते?"

ह्यांनी आयटीआय केलं होतं आणि काही वर्षं एका कंपनीत काढली होती. तिथं प्रत्येकाला उभ्यानं काम करायला लोखंडी बेंच होता. ह्यांचं म्हणणं सरळ होतं. आपणही बेंच करायचा. चांगला जाड, जड, हातोडा घातला तरी हलणार नाही असा. त्याच्या कडेवर लांब पत्रा एका दमात मोडता, म्हणजे सरळ दुमडता येईल, कूलरचं कामही झपाट्यानं होईल, आणि बाबा उभ्यानं काम करतील. आणि नाही केलं तर? नाही केलं तर बाबांनी घरात बसायचं, दुकान मी पाहीन. हे शेवटचं वाक्य ह्यांनी बोलायला नको होतं. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. बेबीजवळ एवढाच निरोप आला, "उभं राहून तं चौकातला पोलीस काम करते. तो कधी काही बनवते का?"

पण लोखंड घरात आल्यावर मामाजींना राहवेना. ह्यांनी इतवारीतल्या लोहाओळीतून बोटभर जाडीची एक प्लेट आणली, कुठल्यातरी बंद पडलेल्या जिनिंगमधल्या मशीनखालची. लांबीला माणूसभराहून जास्त. हातगाडीवरून उतरवताना चार जण कण्हत होते. सोबत पायांसाठी चॅनल, आडव्या पट्ट्यांसाठी अँगल आणि काम घट्ट पकडायला एक दणकट वाईस. मामाजी लांबून बघत होते. ह्यांनी फरशीवर खडूनं बेंचचं चित्र काढलं आणि चॅनलला आरी लावली, तेव्हा मामाजी पुढे आले आणि आरी काढून घेतली. म्हणाले, "सरक. माह्या दुकानात उभी राहणारी चीज माह्याच हातानं व्हईन." आणि जमिनीवरच्या बैठकीतून सुटका व्हावी म्हणून करायचा बेंच ते जमिनीवर बसून करायला लागले.

उंचीचा घोळ झाला. बेंच माणसाच्या कोपरापेक्षा जरा खाली असावा, असं हे म्हणत. पण मामाजी माप द्यायला उभे राहीनात. टेप घेऊन ह्यांना येताना पाहिलं की खाली बसत. शेवटी ते काम माझ्याकडे आलं. मामाजी सकाळी अंगणातल्या खांबाला आरसा टांगून दाढी करत. मी भाजी निवडत बसले आणि दाढी उरकून त्यांनी हात खाली सोडल्यावर कोपर खांबावर कुठं येतं ते पाहून ठेवलं. ते आत गेल्यावर तिथं कुंकवाचं बोट लावलं. आमच्या बेंचची उंची ही अशी ठरली.

बेंच करायची पद्धत अशी की प्लेट जमिनीवर पालथी घालायची, म्हणजे वरचं अंग खाली. मग तिच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार पाय आकाशाकडे तोंड करून उभे करायचे, गुण्या लावून सरळ आहेत का पाहायचं आणि वेल्डिंग करायचं. मामाजी त्या प्लेटवर मधोमध जाऊन बसले. ते पाय धरायचे, हे वेल्डिंगचे टाके मारायचे. ह्यांनी एका कोपऱ्यात सबंध वेल्डिंग उरकायला घेतलं तर मामाजी ओरडले. आधी इथं थोडं, मग समोरच्या कोपऱ्यात थोडं, असं फिरत फिरत करायला लावलं. "एकाच कोपऱ्याचे लाड केले का बाकीचे रुसतेत. मग प्लेट तोंड वाकडं करते." आडव्या पट्ट्या आल्या, पायांखाली चौकोनी तुकडे आले, पुढच्या कडेला जाड अँगल बसला. बापलेक चारसहा दिवस एकमेकांशी इतकं चांगलं बोलले की आत्याबाईंनी नारळ आणून ठेवला.

आता उरलं होतं बेंच उलटवणं. एवढं धूड दोघांच्यानं हलणार नव्हतं. ह्यांनी रविवारी आखाड्यातल्या पोरांना बोलावायचं ठरवलं. मामाजी म्हणाले, रंग ओला आहे. पुढच्या रविवारी अमावस्या निघाली. त्यानंतरच्या रविवारी आखाड्याच्या पोरांच्या मांड्या अजून कच्च्या आहेत, असं त्यांना वाटलं. आणि दरम्यान पालथा बेंच दुकानाच्या मधोमध चारी पाय वर करून पडलेला, आणि त्या चार पायांच्या मध्ये, प्लेटच्या पाठीवर, मामाजी बसून काम करताहेत. "इतकी सपाट जमीन मले जलमात भेटली नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले. गिऱ्हाईकही आता त्या चार पायांच्या आत जाऊन बसे. मोहल्ल्यातले लोक मजेनं म्हणायचे, बसा मिस्त्रींना लोखंडी पलंग मिळाला, आता मच्छरदाणी लावून द्या.

ह्यांना यात काही मजा दिसत नव्हती. ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला तेच उलटं पडलं होतं, आणि गुडघे तर दिवसेंदिवस वाईट होत होते. ह्यांनी चार शब्द सुनावले. मामाजींनी पाच सुनावले. मग दोघांचं बोलणं बंद झालं, आणि बेबीवर टपालाचा फार भार पडला. माझे निरोप होतेच, त्यात बाप लेकाला आणि लेक बापाला तिच्याच मार्फत बोलू लागले. "बेबी, तुह्या बापाले सांग, रिवेटा संपल्या." "बेबी, आजोबाले सांग, सरळ बेंचवर लवकर संपल्या असत्या." पोरगी या माऱ्यानं रडायला लागायची.

एका दुपारी मात्र मला खरं काय ते कळलं. एप्रिल होता. नागपूरची ती दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. घरातले सगळे झोपले होते. मामाजींसाठी चहा घेऊन मी दुकानाच्या दाराशी आले आणि बांगड्या वाजवणार तेवढ्यात थांबले. ते उठत होते. बेंचचे दोन पाय त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरले होते आणि स्वतःला वर ओढत होते. दंड थरथरत होते. अर्ध्यावर आले, तिथंच अडकले, तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओठ दाबून धरले, आणि मग एकदम जोर करून उभे झाले. बराच वेळ तसेच पाय धरून उभे राहिले. मग हात झटकले, मोठ्यानं खाकरले, आणि नुकतेच सहज उठल्यासारखे बाहेर नळाकडे निघाले. मी चहा घेऊन भिंतीआड सरकले.

त्यांना जमिनीवरून उठताच येत नव्हतं. म्हणून सगळे पुढे जाईपर्यंत ते बसून राहत होते. म्हणून शेडच्या खांबाला पत्रे टांगायच्या नावाखाली त्यांनी एक दोर बांधून घेतला होता, ज्यावर कधी एक पत्रा टांगला गेला नाही. आणि आता हे चार पाय मिळाले होते, कमरेएवढे उंच, न हलणारे, चारी बाजूंनी हाताशी. बेंच सुलटा झाला की हे पाय खाली जाणार होते. मला रंग, अमावस्या आणि पोरांच्या कच्च्या मांड्या, सगळ्याचा अर्थ लागला.

ह्यांना सांगावं असं एक मन म्हणत होतं. पण हे त्याच दिवशी त्यांना दुकानातून उठवून घरात आणून बसवतील, याची मला खात्री होती. मामाजी घरात बसून काय करणार होते? पत्रा नसेल तर त्या अंगठ्यानं करायचं काय? संध्याकाळी हे सामान आणायला सीताबर्डीला गेले तेव्हा मी बेबीला कडेवर घेतलं आणि दुकानाच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले.

"बेबी," मी म्हटलं, "आजोबाले सांग, बेंच सुलटा केला तं खाली बसाचंच काम नाही. मंग उठाचंही काम नाही."

मामाजींचा हातोडा थांबला. ते बेबीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेबी, तुह्या मायनं का पायलं?"

"सांग बेबी, काहीच नाही पायलं. चहा थंडा झाला, तेवढंच."

त्यांच्या मिशीखाली जरासं हसू आलं आणि गेलं. त्यांनी हातोडा बाजूला ठेवला. नंतर ते जे बोलले ते बेबीशीच बोलले, पण इतक्या हळू की मला एक पाऊल आत यावं लागलं. "मायले सांग बेबी, मले उभ्यानं काम येत नाही. पोरगा असल्यापासून बसून करून राहिलो. उभ्यानं मले कातरीही धरता येणार नाही. आता या वयात साऱ्या मोहल्ल्यासमोर पयल्यापासून शिकाचं? पोट्टे हासतीन."

आजवर मला वाटत होतं की त्यांना बेंच नको आहे. त्यांना नको होतं ते लोकांसमोर चुकणं. ज्यांच्या हाताखालून अर्ध्या पाचपावलीचे मिस्त्री शिकून गेले, त्यांनी वाकडा पत्रा कापायचा आणि तो बाहेरच्यानं बघायचा. मी थोडा विचार केला आणि बेबीला म्हटलं, "आजोबाले सांग, दुपारी सारे झोपतेत. तवा शिकता येते. पत्र्याचं दुसरं टोक मी धरीन."

मामाजींनी हातोडा पुन्हा उचलला. मग म्हणाले, "बेबी, तुह्या बापाले सांगजो, रविवारी पोट्टे बोलाव म्हणा."

रविवारी आखाड्यातली पोरं आली, शेजारपाजारचे आले, बाया माडीवरून बघायला उभ्या राहिल्या. मामाजींनी त्यांच्या येण्याआधीच उठून घेतलं होतं आणि दाराशी उभे राहून हुकूम सोडत होते. इतकी वर्षं शेजारी राहणारा एक जण त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही एवढे उंच हाव का गा?" खरंच, कोणाला माहीत नव्हतं. बेंच कुशीवर आला, तोल गेला, दोन पोरं बाजूला उडाली, आणि ते धूड असं दणकन पायांवर आलं की शेजारच्या घरातली फळीवरची भांडी खाली आली. चारपैकी एक पाय जमिनीला टेकेना. ह्यांनी म्हटलं, पाय आखूड झाला. मामाजी म्हणाले, बेंच बरोबर आहे, जमीन चुकली आहे. आत्याबाईंनी नारळ फोडला आणि त्या पायाखाली पत्र्याची चकती सरकवली गेली.

दुसऱ्या दुपारपासून आमची शाळा सुरू झाली. बेबीची झोळी आम्ही बेंचच्याच दोन पायांना खालून बांधली होती. ती खाली झोपायची आणि वर आम्ही दोघं समोरासमोर. जमिनीवर मी मामाजींच्या समोर कधी बसले नसते, रीतच नव्हती. पण बेंचच्या या बाजूला ते आणि त्या बाजूला मी, असं उभं राहायला कोणत्याच रीतीची हरकत दिसत नव्हती. पहिला पत्रा ठेवला आणि मामाजींचा उजवा पाय वर उचलला गेला. अंगठा पत्रा शोधत होता. मी हसू दाबलं. त्यांनी पाय खाली ठेवला, कातरी घेतली, पत्रा सरकला, पाय पुन्हा वर. असं कितीतरी दिवस चाललं. काप वाकडा जाई, हातोडा भलतीकडे पडे, एकदा चिडून त्यांनी बेंचला लाथ मारली आणि तो अंगठाच ठेचला. मग लंगडत येऊन पुन्हा पत्रा उचलला.

एका दुपारी पत्रा लांब होता, बेंचच्या कडेवर ठेवून मोडायचा होता. दोन्ही टोकांनी एकाच वेळी दाबायला हवं होतं. बेबी झोपलेली होती. मामाजींनी तिच्या झोळीकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "धर बाई तिकून." मी धरलं. आम्ही दोघांनी मिळून दाबलं आणि कड सुतात आली. त्यानंतर कोंबडा, घागर, चौकट, सगळ्यांची नोकरी सुटली.

पावसाळ्याआधी मामाजी बेंचवर तयार झाले. लोकांच्या नजरेला ते थेट तयार झालेलेच दिसले, आणि त्यांनी असा आव आणला की जन्मल्यापासून उभेच होते. त्यांचं शास्त्रही रातोरात फिरलं. आता गिऱ्हाईक बसायला लागलं तर ते म्हणत, "उभे ऱ्हा. बसला माणूस का बसूनच ऱ्हाते, मंग मतलबाचं बोलत नाही." मी एकदा आठवण करून दिली की उभा माणूस खोटं बोलतो असं तुम्हीच म्हणत होता. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले की बेंचला टेकून उभा राहिला तर चालतं. मोहल्ल्यानं मात्र त्यांचं नाव बदललं नाही. बसा मिस्त्री दिवसभर उभे असत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

माझ्या दुकानात उभं राहण्याबद्दल कुजबुज झालीच. एका नातेवाइकानं मामाजींना तोंडावर विचारलं की घरची सून हातोडा कसला घेते. मामाजींनी पत्र्यावरची नजर काढली नाही. "पत्र्याले दोन टोकं हायेत. दुसरं कोण धरन, तू?" तो गृहस्थ पुन्हा त्या विषयावर आला नाही. पुढच्या वर्षांत मी पत्रा कापायला शिकले, कड मोडायला शिकले, झाकणाची कडी बसवायला शिकले. गुलाब काढायला मात्र मामाजींनी मला शेवटपर्यंत दिले नाहीत. माझे गुलाब कोबीसारखे दिसतात, असं त्यांचं मत होतं, आणि ते खरं होतं. ज्या दिवसांत दुकानात हे वेल्डिंग करत, मी आणि मामाजी समोरासमोर, आणि बेबी बेंचखाली पत्र्याच्या बाहुल्या करत असे, त्या दिवसांइतकी सुखी मी क्वचित झाले असेन. काठी आली नाही. खाटही फार उशिरा आली.

ते गेले ते उन्हाळ्यातच, कूलरच्या ऐन हंगामात. दोन दिवस ताप होता. सकाळी खाटेवरच, झोपेत गेले. बातमी पसरली, मोहल्ला जमला, गावाकडचे वडीलधारे आले. रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाला खाटेवर ठेवत नाहीत. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं सांगितलं की बुढ्याले खाली घ्या, जमिनीवर. चौघांनी हात पुढे केले.

आत्याबाई सकाळपासून त्यांच्या पायाशी बसून होत्या. त्यांनी खाटेच्या काठावर हात ठेवला आणि त्या चौघांना थांबवलं.

"खाली नोका ठेवू," त्या म्हणाल्या. "खालून त्यायले उठता येत नाही."

इतकी वर्षं मी समजत होते की ही गोष्ट जगात मला एकटीलाच माहीत आहे. हे आईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. चौघांनी हात मागे घेतले. ह्यांनी जाऊन बेंचवरचा अर्धा झालेला कूलर उचलून बाजूला ठेवला. पत्र्याचा कीस फार बारीक असतो, अंगात रुततो. मी पदरानं सबंध बेंच दोनदा पुसून घेतला, आणि मग मामाजींना त्यावर ठेवलं.